दादांच्या दोन गोष्टी

"यात दोन गोष्टी हायत, ताई," असं म्हणून दादा उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे, आणि ऐकणारा निमूटपणे खुर्ची ओढून बसायचा. आता लवकर सुटका नाही, हे आमच्या गोडाऊनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

नाशिकचा ट्रक अजून आला नाही, एवढंच मी सांगितलेलं असायचं. दादांची पहिली गोष्ट म्हणजे घाटात गर्दी असेल. दुसरी म्हणजे गाडी बिघडली असेल. मग पहिल्या गोष्टीच्या पोटातून आणखी दोन निघायच्या. गर्दी रस्त्याच्या कामामुळे की अपघातामुळे? अपघात असला तर आपलीच गाडी तर नसेल? तोवर ट्रक फाटकातून आत शिरलेला असायचा, ड्रायव्हर खाली उतरून चहा मागत असायचा, आणि दादा त्याला नखशिखांत न्याहाळत असायचे.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलेला आणि पुन्हा मागे वळलेला. कोणी रस्त्यात हसला नाही तर 'का हसला नसेल' म्हणून दिवसभर झुरणारा. आपण त्याची थोडी थट्टा करतो, थोडा कंटाळा करतो. आम्हीही तेच करायचो.

भिवंडीच्या हायवेला लागून असलेल्या त्या गोडाऊनमध्ये मी बिलं करायचे आणि दादा माल रवाना करायचे. आमची टेबलं शेजारी-शेजारी. त्यांच्या सवयीनं गोडाऊनचं भलंच व्हायचं, हेही सांगायला हवं. ताडपत्रीला भोक पडण्याआधी त्यांना त्याची काळजी लागलेली असायची. पत्र्याखाली ठेवलेली मालाची थप्पी ते हातभर आत सरकवून घ्यायचे. "हा माणूस काळजी करतो म्हणून मी घरी झोपतो," असं शेठ सगळ्यांसमोर म्हणायचे. दादा लाजून हसायचे. आपल्या या सवयीची कुणाला गरज आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटत असावं.

घरी मात्र ती गरज कुणालाच नव्हती. धामणकर नाक्याच्या मागच्या चाळीत त्यांची खोली होती. दोन्ही बाजूंना कापड विणायचे लूम, त्यामुळे घरात बोलायचं तर आवाज चढवूनच. वहिनींचा आवाज मुळातच चढलेला होता. नवरा-बायको दोघंही अंबाडी नाक्याच्या पलीकडच्या एका गावातली, मूलबाळ नाही. वहिनी घरी बसून कापडाचे धागे कापायच्या. कारखान्यातून कापडाचे गठ्ठे यायचे, त्यावरचे सुटे राहिलेले दोरे कात्रीनं छाटून परत द्यायचे. काम करता करता त्या चाळीतली अर्धी भांडणं सोडवायच्या.

ठरवायचं ते सगळं वहिनी ठरवायच्या. पंखा घ्यायचा होता तेव्हा दादा दुकानात दोन पंख्यांसमोर इतका वेळ उभे राहिले की दुकानदारानं त्यांना स्टूल दिलं. शेवटी वहिनी भाजी घेऊन तिथून चालल्या होत्या, त्यांनी बाहेरूनच हात केला. "तो निळा." झालं. तो निळा पंखा पुढे कित्येक वर्षं बिनतक्रार फिरला. तरी दादा अधूनमधून त्याच्याकडे बघून म्हणायचे, "पांढरा घेतला असता तं कसा निघाला असता, काय की."

"यांच्या दोन गोष्टी व्हईपर्यंत माझ्या भाकऱ्या थापून व्हतात," वहिनी मला म्हणायच्या. दादा ते ऐकून असे बघायचे, जणू बायकोनं त्यांचं कौतुकच केलंय.

एकदा जेवणाच्या सुट्टीत दादांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही. झाकणाशी खेळत त्यांनी मला विचारलं, "ताई, बायांना छातीत गाठ येते, ती कसली कसली असू शकते?"

"कुणाला आलीय?" मी विचारलं.

त्यांनी दोन बोटं वर केली. मग एक मिटलं. मग दुसरंही मिटलं. "हिला," ते म्हणाले.

मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे न्या. दादांनी मान हलवली. "नेनार तं हायच. पन कुठं न्यायचं, तेवडं ठरवू दे."

आणि त्यांनी ठरवायला सुरुवात केली. ठाण्याला न्यावं की मुंबईला? सरकारीत की खाजगीत? सुई लावून तपासलं की गाठ पसरते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलं, तसं काही नसतं. गावाकडच्या एका नातेवाइकानं झाडपाल्याच्या वैद्याचं नाव दिलं. दादा प्रत्येकाचं मन लावून ऐकायचे आणि प्रत्येकाच्या सांगण्यातून आणखी दोन गोष्टी काढायचे. मोबाइलवर वाचून वाचून त्यांचे डोळे लाल झाले. मी रोज सकाळी विचारायचे, "नेलं का?" आणि ते रोज सांगायचे, "या आठवड्यात नक्की."

मला वहिनींचंच आश्चर्य वाटत होतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्या खाली बसून धागे कापत होत्या. मी स्पष्टच विचारलं, "वहिनी, सगळं तुम्ही ठरवता. हे का नाही ठरवत?"

"सगळं मीच ठरवलं आजवर. येवडं एक त्यांनी ठरवू दे," त्या ठसक्यात म्हणाल्या. मग कात्री खाली ठेवली. शेजारचे लूम धडधडत होते, तरी त्यांचा आवाज खाली आला. "मला भ्या वाटतं, ताई. मी ठरवलं न् चुकलं तं?"

जिनं आयुष्यात कधी मागे वळून बघितलं नव्हतं, ती बाई घाबरून नवऱ्याच्या आडोशाला गेली होती. आणि नवरा स्वतःच वाऱ्यावर होता.

त्यानंतर एक दिवस दादांनी रजा घेतली. मला बरं वाटलं. बँकेच्या कामाला निघाले तेव्हा धामणकर नाक्यावर दोघं दिसली. ठाण्याच्या शेअर रिक्षा लागतात तिथं. मी लांबूनच हात केला आणि पुढे गेले. बँकेत गर्दी होती, बराच वेळ मोडला. परत आले तर दोघं तिथंच.

"ठाना, ठाना, तीन सीट," रिक्षावाला ओरडत होता. दादा रस्त्याच्या कडेला उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला. मला बघून ते घाईघाईनं बोलायला लागले. "ताई, ठान्याला गेलो तं ते मुंबईलाच धाडतील. मंग सरळ मुंबईलाच का नको? पन मुंबईला आपली ओळख न्हाय. ओळख नसली तं दिवस फुकट. ठान्याला निदान…"

"चाचा, बैठना है कि नहीं?" रिक्षावाला वैतागून म्हणाला. "सुबह से देख रहा हूँ आपको."

"दो मिनिट," दादा म्हणाले.

वहिनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी करून ठेवलेली साडी आणि पाण्याची बाटली. चेहरा उन्हानं काळवंडलेला. मला म्हणाल्या, "ताई, मी घरी जाते. गहू निवडायचे राह्यलेत."

ती पिशवी मी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि रिक्षात ठेवली. "बसा," मी म्हटलं. वहिनी उठल्या आणि बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. "दादा, चला." दादा ड्रायव्हरजवळ टेकले आणि ठाण्यापर्यंत मान वळवून मागे बघत राहिले, वाटेत कुठेतरी वहिनी उतरून जातील की काय असं.

ठाण्याहून खरंच मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि जे व्हायला नको होतं तेच निघालं. डॉक्टर भला माणूस होता. कागद चाळता चाळता तो म्हणाला, "थोडं आधी यायला हवं होतं." रोज कितीतरी जणांना म्हणत असेल.

"आधी म्हंजे कदी?" दादांनी विचारलं. "गाठ लागली तवाच आलो असतो तं?"

"ते आता कोणीच सांगू शकत नाही. आपण पुढचं बघू."

डॉक्टर पुढचं बघायला लागले. दादा तिथंच राहिले. तोवर त्यांचा विचार नेहमी पुढे धावायचा, उद्याकडे, न झालेल्या अपघाताकडे. त्या दिवशी तो मागे फिरला. आणि मागे तर काहीच बदलता येत नाही. 'हो, तुमच्यामुळे झालं' असं डॉक्टर म्हणाले असते तर दादा रडले असते. 'नाही' म्हणाले असते तरी रडले असते. 'कोणीच सांगू शकत नाही' याचं काय करायचं, ते त्यांना कळेना.

वहिनींचं ऑपरेशन झालं. मग औषधांच्या बाटल्या लागल्या, केस गेले, उलट्या झाल्या. त्या सगळ्यात दादांनी त्यांचं सगळं केलं. केर, भांडी, पेज, डोक्याला तेल. कामावर मात्र माणूस उरला नव्हता. मालाचं चलन हातात धरून ते उभेच राहायचे. एकदा नाशिकचा माल सुरतेच्या गाडीत भरला गेला. शेठनं न रागावता त्यांना आतल्या कामावर घेतलं. जुना ड्रायव्हर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "क्या सोच रहे हो, दादा?" दादा म्हणायचे, "वही."

एकदा दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी काहीतरी विसरलेलं आणायला गोडाऊनमध्ये परतले. मागच्या बाजूला ठक ठक आवाज येत होता. दादा लोखंडी खांबासमोर उभे राहून त्यावर कपाळ आपटत होते. जोरात नाही. दार वाजवावं तसं. "बंद व्हय. बंद व्हय रे," असं पुटपुटत होते. मी हाक मारली तेव्हा वळले. कपाळावर लाल वण उठला होता. लहान पोराला चोरी करताना पकडावं तसा चेहरा. म्हणाले, "ताई, लूमला बटन असतं. दाबलं का बंद. ह्याला कुठं असतं?"

त्या दिवशी मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि अर्धी चपाती खाईपर्यंत समोरून हलले नाही.

ज्यानं जे सांगितलं ते दादांनी करून पाहिलं. कुणी म्हणालं, अकलोलीच्या गरम कुंडात अंघोळ करा, मन शांत होतं. दादा जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बरं वाटलं का?" ते म्हणाले, "आंग शेकलं चांगलं. पन डोकं पान्याच्या भायेरच ऱ्हातं ना." दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग वहिनींच्या हॉस्पिटलातच एक समुपदेशक बाई त्यांच्याशी बोलल्या. वयानं लहान होत्या, पण त्यांचं सांगणं दादांना पटलं. विचार येऊ नये असं म्हणू नका, त्या म्हणाल्या. त्याला वेळ द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त विचारच करायचा. बाकीच्या वेळी आला तर त्याला सांगायचं, आता नाही, संध्याकाळी.

दादांनी आधी त्या अर्ध्या तासाचाच विचार सुरू केला. चहाच्या आधी बसावं की नंतर? मी म्हटलं, "नंतर." त्यांनी लगेच मान्य केलं, याचं मला नवल वाटलं. मग रोज चहा झाला की ते माल चढवायच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला लाकडी फळ्यांच्या ढिगावर जाऊन बसायचे, हायवेकडे तोंड करून. परत येताना म्हणायचे, "येळ संपला, ताई. इचार न्हाय संपला." पण दिवसभर ते स्वतःशी बजावत राहायचे, "आता न्हाय. संध्याकाळी." हमालांनी ते उचललं. एखाद्याला जड पोतं उचलायला सांगितलं की तो म्हणायचा, "अभी नहीं, शाम को." दादांना राग यायचा नाही. तेही हसायचे.

खरी मात्रा वहिनींची होती. ऑपरेशननंतर त्यांचा उजवा हात सुजायचा, कात्री धरवत नव्हती. पण काम सोडायचं नाही म्हणून त्यांनी दादांना धागे कापायला बसवलं. मी एका रविवारी गेले तर दादा मांडी घालून कापडावर वाकलेले आणि वहिनी डोक्याला रुमाल बांधून भिंतीला टेकलेल्या. दादांची कात्री चालायची, चालायची, आणि मध्येच हवेत थांबायची. लगेच वहिनी म्हणायच्या, "हात थांबला." दादा दचकायचे आणि पुन्हा कापायला लागायचे. थोड्या वेळानं पुन्हा, "हात थांबला हो."

त्या त्यांना समजावत नव्हत्या, धीर देत नव्हत्या, की काय विचार करताय म्हणून विचारतही नव्हत्या. फक्त तेवढे दोन शब्द. मी तासभर बसले. जाताना लक्षात आलं की शेवटी शेवटी त्यांना ते फारसं म्हणावं लागलं नाही.

दादा दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "दिवसातून एक-दोनदा इसरतो मी, ताई. अगदी साफ इसरतो. मंग आठवतं का इसरलो व्हतो, न् लाज वाटते." मी म्हटलं, लाज कसली? ते आत वळले आणि पुन्हा कात्री घेऊन बसले.

पुढचे काही महिने बरे गेले. वहिनींचे केस परत आले, लहान मुलासारखे मऊ. त्यांचा आवाज पुन्हा चाळभर ऐकू यायला लागला. शेठनं दादांना पुन्हा गाड्या भरायला दिल्या. आणि मग एका तपासणीत आजार फुप्फुसात दिसला.

त्या दिवशी दादांनी मला सोबत नेलं होतं. "मला आर्धंच ऐकू येतं तिथं," ते म्हणाले होते. डॉक्टरांनी सावकाश सगळं सांगितलं. आणखी एक औषध आहे. त्रास बराच होईल, फायदा किती होईल ते सांगता येत नाही. नाहीतर घरी न्या, दुखू नये म्हणून गोळ्या देतो. "घाई नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस विचार करा आणि सांगा."

दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी खिडकीकडे बघत होत्या. "मला गावाला न्या," त्या म्हणाल्या.

"गावाला जाऊ," दादा म्हणाले.

"विचार करून सांगितलंत तरी चालेल," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

"न्हाय, डॉक्टर," दादा म्हणाले. या वेळी ते थांबले नाहीत. "इचार केला तं मी हिला हितंच ठेवीन."

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पदर नीट केला आणि उठून उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर त्या औषधाच्या खिडकीपाशी बाकावर बसल्या आणि दादा जिन्याच्या आड जाऊन जमिनीवरच बसले. तोंडात शर्टाची बाही कोंबून रडले. मी पाठ करून उभी राहिले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दिसू नयेत. ते उठले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "बरोबर केलं का, हे मला इचारू नका, ताई. कदीच इचारू नका."

त्याच आठवड्यात त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान फार नव्हतं. शेठ स्वतः गाडी घेऊन त्यांना गावापर्यंत सोडायला गेले. चाळीतल्या बायका रस्त्यापर्यंत आल्या होत्या. वहिनी काचेतून त्यांना ओरडून सांगत होत्या, नळाचं पाणी येईल तेव्हा कुणी आधी भरायचं ते.

मध्ये दोन-तीनदा फोनवर बोलणं झालं. वहिनी ओटीवर बसतात, भात खातात, शेजारणीवर खेकसतात, असं दादा सांगायचे. मग गोळ्या वाढल्या. मग वहिनींचं फोनवर येणं बंद झालं. आणि पावसाळ्यानंतर, शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, एका सकाळी फोन आला. "ताई, ती गेली," दादा म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी ठेवून दिला.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी मी गेले. अंबाडीहून आत जाणारा रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना कापणी चाललेली. मनात एकच धास्ती होती. आता हा माणूस एकटा, त्याला टोकणारं कोणी नाही. त्याचं काय झालं असेल? येताना मी काय काय बोलायचं ते जुळवत होते आणि त्यातलं एकही वाक्य मला धड वाटत नव्हतं.

घरासमोर त्यांची धाकटी भावजय भात वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं ओटीकडे बोट दाखवलं.

दादा ओटीवर चटईवर झोपले होते. भर दुपारी, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तोंड उघडं. दाढी वाढलेली, केस पांढरे झालेले. पायाच्या बोटांत चिखल तसाच वाळला होता, म्हणजे सकाळी शेतात गेले असावेत.

"असंच झोपतात आता," भावजय म्हणाली. "पैल्यांदा झोपच नव्हती. दिसभर बसून ऱ्हायचे, बोलायचे न्हाय. आता येतात न् पडतात. काय बोलत न्हाईत ते न्हाईतच, पन झोपतात." मग तिनं विचारलं, "उठवू का? येवड्या लांबून आलात."

मी नको म्हटलं. आणलेली फळं तिच्या हातात दिली. तिनं चहा केला, तो मी अंगणात उभ्यानंच प्यायले. मी आल्याचं त्यांना सांगा, असं सांगितलं. सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पुढे दादांचा नंबर लागायचा बंद झाला आणि मीही पुन्हा गेले नाही.

मी निघाले तेव्हा एक कोंबडी ओटीवर चढून त्यांच्या तोंडाजवळ काहीतरी टिपत होती. भावजयीनं तिला हुसकावलं, आतून एक जुनी साडी आणली आणि माश्या बसू नयेत म्हणून हळूच त्यांच्या अंगावर घातली, डोक्यापासून पायापर्यंत. दादा हलले नाहीत. साडीखाली त्यांचा श्वास तेवढा वरखाली होत होता.